उघड्या वाळूवरचा संसार

पंचतंत्रातील टिटवीची गोष्ट आपल्या घरांतून अद्याप सांगितली जाते. समुद्रकाठी राहणाऱ्या टिटवीची अंडी घालण्याची वेळ जवळ आली, तेव्हा जागा धोक्याची असल्याचे तिने नवऱ्याच्या कानावर घातले. नवरा मोठा अभिमानी. समुद्राची काय बिशाद, असे म्हणून त्याने तिला तेथेच अंडी घालावयास लावली. समुद्राने ते बोलणे ऐकले आणि याची शक्ती तरी पाहू, म्हणून लाटेसरशी अंडी ओढून नेली. पुढे पक्ष्यांची सभा भरते, गाऱ्हाणे गरुडाकडे जाते, गरुड विष्णूकडे धाव घेतो, आणि भगवंतांनी अग्निबाण रोखताच समुद्र निमूटपणे अंडी परत करतो. ‘टिटवी देखील समुद्र आटविते’ ही आपली म्हण याच कथेशी नाते सांगते. ज्ञानेश्वर महाराजांनी गीतार्थ सांगण्याच्या आपल्या साहसाला चोचीने सागर मोजू पाहणाऱ्या टिटवीचीच उपमा दिली आहे.

गरुड आणि विष्णू हे कथाकाराच्या प्रतिभेचे दान म्हणावे. पण गोष्टीचा पूर्वार्ध मात्र डोळ्यांनी पाहिलेला असावा. काही पक्षी खरोखरच पाण्याच्या काठी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, आणि पाणी ती खरोखरच घेऊन जाते. त्या पक्ष्यांसाठी आज कोण गाऱ्हाणे घेऊन जातो, आणि कोणाकडे, याची हकीकत या लेखात सांगावयाची आहे.

टिटवी पाहण्यासाठी समुद्रावर जाण्याची आवश्यकता नाही. बंगळुरूच्या उत्तरेस येलहंका येथे, अजून इमारत न उभी राहिलेल्या भूखंडांवर आणि तळ्यांच्या कोरड्या काठांवर, उन्हाळ्यात तिचा आरडाओरडा ऐकू येतो. तिची अंडी खड्यांच्या रंगाची, खड्यांतच ठेवलेली असतात. भोवती काडी नाही, आत कापूस नाही. चार पावलांवर उभे राहूनही ती दिसत नाहीत, आणि ज्याला दिसत नाहीत त्याच्याच पायाखाली ती सापडतात. तिचे ओरडणे आपल्याकडे अशुभ मानतात. अंड्यांकडे चालत येणाऱ्या माणसाला किंवा कुत्र्याला पाहून ती ओरडत असते. अशुभ घडत असेल तर ते तिच्या बाबतीत.

याच येलहंक्यातील पुट्टेनहळ्ळी तलावाला २०१५ साली पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. भोवती शहर वाढत असता एखादे तळे बगळ्या-करकोच्यांसाठी राखून ठेवणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु तळ्याला काठ असतो, काठावरच्या झाडांचा पत्ता ठाऊक असतो, नकाशावर रेघ ओढता येते. वाळूवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या नशिबी ही सोय नाही. नदीतील वाळूचे बेट हिवाळ्यानंतर पाणी ओसरले की वर येते आणि पावसाळ्यात बुडते. पुढील वर्षी ते त्याच जागी, त्याच आकाराचे असेल याची हमी नदी देत नाही. कर्नाटकातील भद्रा जलाशयात पाणी उतरले की उघडी पडणारी बेटे नदी सुरय पक्ष्यांनी हजारोंच्या संख्येने गजबजून जातात, आणि धरण भरू लागले की तेथे पाहावे तर नुसते पाणी.

अशा पक्ष्यांविषयीचा इंग्रजी मजकूर मराठीत आणताना एक अडचण पुनःपुन्हा येते. आपल्या ‘घरटे’ या शब्दात घर आहे, आणि या पक्ष्यांना तर घरच नाही. छातीने वाळू दाबून केलेला वाटीएवढा खळगा, एवढाच त्यांचा संसार. दुसरा शब्द हाताशी नाही म्हणून या लेखात त्याला घरटेच म्हटले आहे. वाचकांनी काड्यांचे विणकाम मात्र मनातून काढून टाकावे.

या घर नसलेल्या पक्ष्यांत सर्वांत देखणा आणि आज सर्वांत अडचणीत सापडलेल्यांपैकी एक म्हणजे पाणचिरा. हिंदी मुलुखात त्यास पनचीरा म्हणतात. पाणी चिरणारा, हा अर्थ दोन्ही नावांत आहे आणि तो अक्षरशः खरा आहे. काळी टोपी, शुभ्र अंग, वरून गडद पंख, आणि नारिंगी, टोकाशी पिवळसर झालेली मोठी चोच. या चोचीचा खालचा भाग वरच्यापेक्षा लांब असतो. पक्षी पाण्याला लगटून उडतो, चोच उघडी ठेवतो आणि खालचे पाते पाण्यात बुडवून नांगरासारखी रेघ ओढीत जातो. पात्याला मासा लागला की वरचे पाते खटकन मिटते. पहाटे, तिन्हीसांजेला आणि चांदण्या रात्रीही त्याची ही नांगरट चालते.

एके काळी ब्रह्मदेशापासून मेकाँग नदीच्या खोऱ्यापर्यंत या पक्ष्याचा वावर होता. पूर्वेकडील तो मुलूख आता जवळजवळ सुटला आहे. जगात उरलेल्या प्रौढ पाणचिऱ्यांची संख्या तीन हजारांच्या आतच असल्याचा अंदाज आहे, आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने २०२० साली त्याची गणना संकटग्रस्त जातींत केली. त्यांच्या विणीची मुख्य ठिकाणे भारतातील नद्यांतच आहेत, आणि त्यांतही चंबळेचे स्थान मोठे आहे.

चंबळेचे नाव मराठी वाचकास नवे नाही. डॉ. आंबेडकरांचे जन्मगाव महू, त्याच्याजवळच्या डोंगरात ही नदी उगम पावते. १७३७ साली बाजीराव दिल्लीवर चालून गेला तो हीच नदी ओलांडून, आणि पुढे होळकर-शिंद्यांच्या फौजांना तर ती घरच्या ओढ्यासारखी झाली. नंतरच्या पिढीला चंबळ ठाऊक झाली ती दरोडेखोरांमुळे. १९७२ साली जयप्रकाश नारायण यांच्या प्रयत्नाने शेकडो बागींनी शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा ते नाव वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर गेले. या दुर्लौकिकाचा एक अनपेक्षित लाभ असा की, नदीकाठी वस्ती आणि कारखाने फारसे वाढले नाहीत आणि पाणी पुष्कळसे निर्मळ राहिले. १९७९ च्या सुमारास राजस्थान, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेश या तीन राज्यांतून जाणारा नदीचा पट्टा राष्ट्रीय चंबळ अभयारण्य म्हणून राखण्यात आला. तो मुख्यतः सुसरींसाठी. पण पाणचिऱ्यांनाही त्याचा आसरा मिळाला.

पाणचिरे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास बेटांवर जमू लागतात आणि जूनपर्यंत त्यांची वीण चालते. बेटच का, याचे उत्तर सोपे आहे: चोहोकडे पाणी असले की कुत्रा, कोल्हा आणि गुरे तेथवर येत नाहीत. पण नेमक्या याच महिन्यांत नदीचे पाणी माणसाच्या हिशेबाने चालते. वरच्या अंगाला गांधीसागर आणि कोटा बंधारा ही १९६० च्या सुमारास पुरी झालेली कामे आहेत, पुढे आणखी दोन धरणे झाली. लक्षावधी लोकांची शेती आणि वीज त्यांवर अवलंबून आहे. पाणी अडविले की पात्र आटते, बेट काठाला जोडले जाते आणि कुत्र्यांना पायवाट मिळते. पाणी एकाएकी सोडले की बेट बुडते आणि पंचतंत्रातील समुद्र पुन्हा एकदा अंडी घेऊन जातो. कमी पाणी वाईट, आणि अवेळी आलेले जास्त पाणीही वाईट. शिवाय वाळूउपसा आहेच. अभयारण्यात तो निषिद्ध आहे, तरी घरबांधणीच्या या काळात वाळूला भाव आहे आणि चोरून नेणारे हात पुष्कळ आहेत.

आता एक महत्त्वाचा भेद सांगितला पाहिजे, कारण या कामाचे सारे स्वरूप त्यावरून ठरते. याच चंबळेच्या वाळूत सुसरही अंडी घालते. तिची अंडी वाळूच्या उबेने उबतात, आईच्या नव्हे. म्हणून ती काळजीपूर्वक उचलून सुरक्षित जागी पुरता येतात, आणि मुरैन्याजवळील देवरी येथील केंद्रात अशी अंडी उबवून, पिले वाढवून नदीत सोडण्याचे काम वर्षानुवर्षे चालू आहे. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास या नाना फडणिसांच्या गावी हेच घडले. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून तेथील ग्रामस्थांच्या साहाय्याने समुद्री कासवांची अंडी किनाऱ्यावरच कुंपणात हलवून पिले समुद्रात सोडण्यास प्रारंभ केला, आणि तो उपक्रम पुढे कोकणच्या इतर गावांनीही उचलला.

पक्ष्याच्या अंड्याचे तसे नाही. त्याला आईबापांची ऊब हवी. आणि वैशाखातील भर दुपारी तर ऊब नव्हे, सावली हवी. तापलेल्या वाळूवर उघडे पडलेले अंडे थोडक्या वेळात निकामी होते. म्हणून पाणचिरा दुपारी अंड्यांवर बसतो तो त्यांना निववण्यासाठी. मधूनच उडून पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणतो आणि ओल्या अंगाने पुन्हा बसतो. अशी अंडी उचलून कुंपणात ठेवण्याचा काही उपयोग नाही. ती जेथे आहेत तेथेच राखली पाहिजेत, आणि त्यासाठी माणसाने तेथे जाऊन, तेही फार जवळ न जाता, दिवसच्या दिवस राहिले पाहिजे. जवळ गेलेला हितचिंतकही पक्ष्याला उठवतो, आणि उठलेला पक्षी परत येईपर्यंत ऊन आपले काम करून जाते.

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने चंबळेवर हाती घेतलेले काम याच जाणिवेवर उभे आहे. १८८३ साली स्थापन झालेली ही संस्था मराठी वाचकांस सालिम अलींच्या नावामुळे परिचित आहे. उघड्यावर वीण करणाऱ्या पक्ष्यांकडे तिचे लक्ष जुनेच. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवरील सुरय आणि पाकोळ्यांविषयी हुमायून अब्दुलअली यांनी संस्थेच्या नियतकालिकात १९४२ साली लिहिले होते. चंबळेवरील पाणचिऱ्यांच्या कामाचे नेतृत्व संस्थेच्या शास्त्रज्ञ परवीन शेख यांच्याकडे आहे. या कामासाठी २०२५ साली त्यांना इंग्लंडमधील व्हिटली पुरस्कार देण्यात आला.

त्यांची योजना ऐकावयास अगदी साधी आहे. नदीकाठच्या गावांतील माणसे निवडावयाची, त्यांना प्रशिक्षण द्यावयाचे आणि विणीच्या महिन्यांत वेतन देऊन त्यांच्यावर घरट्यांची राखण सोपवावयाची. ही माणसे काठावरून बेटावर नजर ठेवतात, कुत्री हाकलतात, गुरे वळवतात, मच्छीमारांना आणि वाटसरूंना बाजूने जावयास सांगतात, आणि काय घडले त्याची नोंद करतात. शेतात पाखरे हाकण्यासाठी माळ्यावर बसणारा राखणदार आपण पाहिला आहे. येथे राखण पाखरांपासून नसून पाखरांसाठी आहे, एवढाच फरक.

साधी योजना अमलात आणणे मात्र साधे नसते. कुत्रा हाकलणे सोपे. शेजाऱ्याची, क्वचित सख्ख्या चुलत्याची म्हैस बेटावरून परत फिरवणे अवघड. उन्हाळ्यात नदीकाठी गुरांना दुसरे पाणी कोठे आहे, असा प्रश्न तो चुलता विचारतो, आणि तो प्रश्न चुकीचा नाही. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याने हुकूम सोडला असता तर म्हैस पाठ फिरताच पुन्हा बेटावर गेली असती. गावचाच माणूस, गावच्याच बोलीत, पलीकडच्या उतारावर पाणी पाजा म्हणून सांगतो तेव्हा त्याचा निदान विचार होतो. राखणदार गावातून घेण्यात काटकसरीपेक्षा हे शहाणपण अधिक आहे.

अशा कामाच्या प्रमुखास कागदोपत्री ‘समन्वयक’ म्हणतात. हा शब्द सरकारी आणि निमसरकारी पत्रव्यवहारात इतका झिजला आहे की त्यातून डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. प्रत्यक्षात या जीवशास्त्रज्ञाचे वर्ष नदीच्या पंचांगाने चालते. थंडी सरताना नावेतून पट्ट्यामागून पट्टा पाहत जावयाचे आणि यंदा कोणती बेटे वर आली, कोणती काठाला चिकटली हे टिपावयाचे. पक्षी बसू लागले की घरटी मोजावयाची, त्यांना क्रमांक द्यावयाचे, अंडी किती, पिले किती, गेली तर कशाने गेली, पाण्याने, की दाताने, की खुराने, याचा छडा वाळूवरील खुणांवरून लावावयाचा. हे सर्व सकाळच्या गारव्यात आणि थोडक्या वेळात उरकले पाहिजे. दिवस वर आला की बेट पक्ष्यांचे. दुपारी वनखात्याच्या कचेरीत जावे, संध्याकाळी गावात बसावे, राखणदाराचा पगार वेळेवर पोहोचला का हे पाहावे, शाळेत जाऊन मुलांना दुर्बिणीतून पक्षी दाखवावा. एका नदीवर तीन राज्ये म्हणजे तीन वनखाती. पत्रे तिप्पट, परवाने तिप्पट. पक्ष्यांच्या अभ्यासासाठी शिक्षण घेतलेल्या माणसाचा निम्मा वेळ माणसांतच जातो, आणि मला वाटते, हा निम्मा वेळच अधिक फळतो.

फळ किती, हेही पाहिले पाहिजे. पुरस्काराच्या निमित्ताने जी माहिती प्रसिद्ध झाली, तीनुसार राखण सुरू होण्यापूर्वी चंबळेवर शंभरांतील १४ घरटीच टिकत असत. राखणीनंतर हे प्रमाण २७ वर गेले, आणि तेथील पाणचिऱ्यांची संख्या आठ वर्षांत सुमारे ४०० वरून हजाराच्या जवळपास पोहोचली. प्रमाण दुपटीच्या आसपास गेले, ही निःसंशय मोठी गोष्ट आहे. तथापि हिशेबाची दुसरी बाजू झाकू नये: इतकी माणसे उन्हात बसूनही शंभरांतील ७३ घरटी अद्याप जातातच. घार, कावळा यांना राखणदार कसा अडवणार? आणि धरणाचे दार त्याच्या हाती नाही. दिलासा इतकाच की, पाणचिरा एका विणीत तीनपासून पाचपर्यंत अंडी घालतो आणि एका उन्हाळ्यातील नुकसान पुढील उन्हाळ्यांत भरून काढण्याइतके आयुष्य त्याला असते. अंड्यांतून बाहेर आलेले पिलूही हुशार: वाळूच्याच रंगाचे, धोका दिसताच वाळूत अंग चेपून निपचित पडणारे.

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर आपल्या चिखल्याच्या जातीचा एक चिमुकला पक्षी पुळणीवर अंडी घालतो. १९८६ मध्ये त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले तेव्हा त्याच्या तेथे सुमारे ७९० जोड्या होत्या. पुढील चार दशकांत त्या दुपटीहून अधिक झाल्या. तेथे संकट गुरांचे नव्हे, सुट्टीसाठी येणाऱ्या लोकांचे आणि त्यांच्या पाळीव कुत्र्यांचे. उपाय मात्र ओळखीचे वाटतात: घरट्याभोवती दोरी, दोरीवर पाटी, आणि पाटी न वाचणाऱ्यांसाठी तेथे उभे असलेले, गोड बोलणारे माणूस. देश कोणताही असो, शेवटी त्या उभ्या असलेल्या माणसावाचून भागत नाही असे दिसते.

या व्यवसायाकडे वळू इच्छिणाऱ्या मुलामुलींच्या पालकांसाठी दोन शब्द लिहिणे आवश्यक वाटते. प्राणिशास्त्र किंवा तत्सम विषयाची पदवी आणि त्यानंतर वन्यजीवशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण, हा नेहमीचा मार्ग. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि कोइमतूरचे सालिम अली केंद्र ही नावे पुष्कळांना ठाऊक असतात. बंगळुरूहून बल्लारी रस्त्याने येलहंक्याकडे जाताना कृषी विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र लागते. तेथेही वन्यजीवशास्त्र आणि संवर्धन या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण देण्यात येते. नोकऱ्या थोड्या, बहुतेक मुदतीच्या, आणि पगार शहरातील इतर व्यवसायांच्या मानाने बेताचे असतात. घरापासून महिनोन् महिने दूर राहावे लागते. हे आधी सांगितलेले बरे. पोहता येणे, ऊन सोसणे, परक्या भाषेत चेष्टा समजणे आणि हिशेबाची वही नीट ठेवणे, या गोष्टी कोणत्याही अभ्यासक्रमात नाहीत, पण लागतात सर्व.

जूनअखेर पावसाची चाहूल लागली की राखणदारांचे काम संपते. नदी चढू लागते, बेटे बुडतात. पाणचिरे पांगतात, हिवाळ्यात ते जामनगरच्या आणि काकिनाड्याच्या किनाऱ्यांवर आढळतात. मुंबईच्या कचेरीत वह्या येऊन पडतात आणि कोणत्या बेटाने किती पिले दिली याचे कोष्टक तयार होऊ लागते.

आता हीच राखण प्रयागराजला, गंगा-यमुनांच्या वाळूवर, नेण्याचा संकल्प आहे. तेथेही पाणचिरे वीण करतात, पण चंबळेवरील अभयारण्यासारखा आधार तेथे नाही. पाणी ओसरले की गंगेच्या वाळूत कलिंगडे, खरबुजे आणि काकड्यांच्या वाड्या लागतात, आणि पुष्कळ गरीब कुटुंबांचे वर्षाचे उत्पन्न त्या तीन-चार महिन्यांत हाती येते. वेल वाढण्याचे दिवस आणि अंडी उबण्याचे दिवस एकच. वाळूची कोणती पट्टी वाडीला आणि कोणती पक्ष्याला, हे दरवर्षी पाणी उतरल्यावर, वाडीवाल्यांबरोबर बसूनच ठरवावे लागेल.